आत्तीच्या बांधावरची हरळी

आमच्या घरात सगळ्यात मोठी शिवी होती ती हरळी. आप्पा, म्हणजे माझे वडील, रागावले की आयमायवरून जात नसत. "नुसती हरळी हाय. कितीबी उपटा, परत उगवतीच," एवढंच म्हणत. हा मान बहुतेक वेळा माझा असे, कारण उलट बोलल्याशिवाय मला अन्न पचत नसे, आणि उरलेल्या वेळी आत्तीचा. ज्यांनी रान कसलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो ना, त्याच गवताला आम्ही हरळी म्हणतो. देवाला चालते, पण शेतकऱ्याला डोळ्यांपुढं नको असते. ती जमिनीवरून सरपटते, जमिनीखालूनही सरपटते, आणि एक कांडं मागं राहिलं तरी पावसाळ्यात हातभर जागा धरून बसते. तंबाखूच्या रानात हरळी दिसली तर मालकाची अब्रू गेली असं आमच्याकडं समजत. आता बेळगावात अनगोळला माझ्या नातवानं घरापुढं हीच हरळी गाडी भरून विकत आणून लावली आहे. लॉन म्हणतात तिला. तिला रोज पाणी, तिच्यावर पाय द्यायचा नाही, आणि तिचे केस कापायला माणूस वेगळा. मी खुर्ची टाकून बघत बसते. आप्पा असते तर पहिल्याच दिवशी खुरपं घेऊन बसले असते.

आमचं गाव निपाणीजवळ, सकाळी बैलगाडी जोडली की न्याहारीच्या वेळेला बाजारात पोचावं एवढ्या अंतरावर. सगळा मुलूखच तंबाखूचा. माल वाळून घरी आला की सोप्यात तंबाखू, माळ्यावर तंबाखू, आणि आमची अंथरुणं उरलेल्या जागेत. पाहुणा दारात आला की आधी पाचसहा शिंका देई आणि मग रामराम करी. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे, पण चिकाचं वाटे. झाडाचे फुटवे काढायच्या दिवसांत हातांवर काळा चिकट थर बसायचा. राखेनं घासा, लिंबानं घासा, जायचा नाही. त्याच हातानं भाकरी मोडायची, म्हणून भाकरी कडू लागायची. लहानपणी मला वाटायचं, भाकरी असतेच थोडी कडू. आत्तीच्या चुलीपुढं बसून तिच्या रानातल्या जोंधळ्याची गरम भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाल्लं, तेव्हा मला भाकरीची खरी चव कळली. तेव्हापासून मी जेवायच्या वेळेला घरी सापडेनाशी झाले.

आप्पांसारखा कुळव, म्हणजे माती भुसभुशीत करायचं बैलांचं औत, पंचक्रोशीत कुणाला धरता येत नसे. हे मी लेक म्हणून सांगत नाही, लोक बघायला येत. तंबाखूची लावण पावसाळा अर्धा सरल्यावर होते. तोवर रान मोकळं ठेवायचं, पावसानं उघडीप दिली की कुळवाची एक पाळी मारायची, परत पाऊस झाला की परत पाळी. असं करून करून माती पिठासारखी मऊ व्हायची, आणि गवताची काडीसुद्धा दिसायची नाही. आप्पा संध्याकाळी रानाच्या कडेला उभे राहून त्या उघड्या मातीकडं बघत राहत. आई म्हणे, "मला कवा असं बघितलं न्हाय." आप्पांचं समाधान रानापुरतंही नव्हतं. बांधावर गवत असलं तर त्याचं बी रानात येणार, म्हणून बांधही खुरप्यानं खरवडून चकचकीत. बांधावरच्या बाभळी सावली पाडतात आणि मुळं आत सोडतात, म्हणून त्याही गेल्या. शिवाय दरवर्षी नांगरताना फाळ जरासा बांधात घालायचा, म्हणजे रोपांची एखादी ओळ वाढते. माझ्या आठवणीत त्या खालच्या बांधावरून मी आणि आई शेजारी शेजारी चालत जायचो. पुढं पुढं मला एकटीलाही पाय सांभाळून जावं लागे.

त्या बांधाच्या खाली आत्तीचं रान. आत्ती आप्पांची थोरली बहीण. लग्न होऊन पुरतं नांदलीही नव्हती तोवर नवरा वारला, आणि सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. माझ्या आजोबांनी तिला ते खालचं रान चोळीबांगडीला दिलं. म्हणजे माहेरी परत आलेल्या लेकीला पोटापुरतं तोडून दिलं. कसायचं तिनं, खायचं तिनं, पण सातबाऱ्याला नाव भावाचं. आजोबा गेले आणि आत्ती परड्यातल्या खोलीत स्वतःची चूल मांडून राहिली. तिच्या रानात तंबाखूचं पान नव्हतं. जोंधळा, तूर, मूग, भुईमूग, कडेला मिरच्या, आणि शेजारणींना फुकट द्यायला घेवडा. कुणी "भावाकडं असती व्हय?" असं विचारलं की ती म्हणे, "भावाच्या शेजाराला असतो." ते रान हातचं गेलं असतं तर आमच्या घरात भाकऱ्या थापणारी, भावजयीकडं जुनेर लुगडं मागणारी एक बाई तेवढी उरली असती. हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि आप्पांनाही माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नसे.

आता मातीचं सांगते. वरचं रान उताराचं आणि पावसाळाभर उघडं. दर मोठ्या पावसाला पाणी दाट गढूळ होऊन खाली यायचं, त्या सुतासारख्या बांधावरून सांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी आत्तीच्या रानात मऊ गाळाचा थर बसलेला असायचा. गावातले लोक आप्पांची चेष्टा करत, "म्हादबानं भनीला ओवाळणी घातली बगा." आप्पाही हसत. आत्तीचा मूग कमरेला लागायचा आणि शेंगा मुठीत मावायच्या नाहीत. पण वरच्या रानाचा आवाज बदलत चालला. पूर्वी कुळव चालला की सुपातून धान्य पाखडल्यासारखा आवाज यायचा. नंतर तो मधेच खर्र करायला लागला, कारण कुळवाची लोखंडी फास खालच्या मुरमाला घासत होती. आधी टेकाडावर, मग मधल्या पट्ट्यात. तिथलं पान पातळ, पिवळट यायला लागलं. एका वर्षी निपाणीच्या व्यापाऱ्यानं आमचं पान चुरगाळून नाकाला लावलं आणि खाली ठेवलं. "पाल्यात दम न्हाय यंदा, म्हादबा," एवढंच म्हणाला. परत येताना गाडी आप्पांनीच हाकली. मी मागं बसले होते, मला त्यांची पाठ दिसत होती, आणि मला त्या व्यापाऱ्याचा असा राग आला की काय सांगू.

घरात त्याचे परिणाम बायकांनाच आधी दिसले. बांध खरवडलेले, त्यामुळं म्हशीला गवत नाही. मी आणि आई सकाळी उठून माळापलीकडं गवत हुडकत जायचो आणि अर्ध्या भाऱ्यानं परत यायचो. म्हशीचं दूध आटत चाललं. आंबिलीत घालायला ताक शेजाऱ्याकडून मागून आणायची पाळी आली, आणि आईला मागायला जाणं म्हणजे मरणाहून वाईट. सगळ्या रानात तंबाखू, म्हणून जोंधळा विकतचा, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत विकतचा जोंधळा म्हणजे निम्मे खडे. आप्पांनी दोष दिला बियाला, शेणखताला, पावसाला आणि कुणाच्या तरी नजरेला. गावच्या वेशीत लिंबू उतरून टाकलं. मातीचं नाव मात्र घेईनात.

आणि एके दिवशी घेतलं. उन्हाळा होता. आप्पा टेकाडावर उभे होते, खाली आत्तीचं नांगरून पडलेलं रान होतं, काळं, जाड ढेकळांचं. ते बघून त्यांच्या डोक्यात जो उजेड पडला तो असा की, माती कुठंही गेलेली नाही. खाली आहे. आपलीच आहे. उचलून आणायची. तुम्हाला हसू येईल, पण आमच्याकडं माती वाहून नेणं काही वेडेपणाचं नव्हतं. तळ्यातला गाळ, जुन्या पडक्या घरांची माती, लोक गाड्या भरभरून रानात नेत. त्यामुळं आप्पांना त्यात काही गैर वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गाड्या जोडल्या, सत्याप्पा नावाच्या आमच्या गड्याला बरोबर घेतलं, आणि बांधाच्या अगदी पायथ्याशी, आत्तीच्या बाजूला, जिथं गाळ सगळ्यात जाड होता, तिथं खणायला सुरुवात केली. बहिणीला सांगायचं त्यांना सुचलंही नाही. मी बघितलं आणि पळत जाऊन आत्तीला सांगितलं. ती परड्यात तूर पाखडत होती. सूप ठेवलं आणि निघाली.

रानात आल्यावर ती आधी त्या खड्ड्याभोवती फिरली. बांधाच्या मुळाशी खड्डा पडला की पावसात बांध त्यात ढासळणार, वरचं सगळं पाणी एका ठिकाणाहून घुसणार, आणि तिच्या रानाच्या मधोमध ओढा पडणार, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. तिनं लुगडं गुडघ्यात दाबलं, खड्ड्यात उतरली आणि बसली.

"उठ आक्का, गाडी भरायची हाय," आप्पा म्हणाले.

"भर की. मला धरून भर."

"चेष्टा करू नको. ही माती माझ्या रानातनं आलीया."

"आली तवा मला इचारून आली व्हय? इतकी वर्सं माझ्या मुगावर पडत हुती, तवा न्हाय म्हणालास माझी माती म्हणून."

"रान माझ्या बापाचं हाय, आक्का."

"माझाबी त्योच बाप, म्हादू. दुसरा कुठला आणू?"

सत्याप्पानं तोंड फिरवलं आणि उगीच खोकला. आप्पांचे कान लाल झाले. तेवढ्यात आई डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन आली. आप्पांना आधार आला. म्हणाले, "हिला घरला घेऊन जा." माझी आई आयुष्यात नवऱ्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही तिनं मान वर केली नाही. बुट्टी उतरवली, खड्ड्याच्या कडेनं जपून आत उतरली, आणि आत्तीच्या शेजारी टेकली.

"वाईच बसतो हितं," ती म्हणाली. "पाय दुखाल्यात माझं. सकाळधरनं गवत हुडकत माळ हिंडलोय. बांधावर काडी ऱ्हाऊ दिली असती तर कशाला हिंडलो असतो?"

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी बसतो, मी हिंडलो' असंच म्हणतात. माझी नात त्याला हसते. हसू दे. त्या दिवशी ते वाक्य ऐकून मला आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कशाचाच वाटला नाही. मीही खड्ड्यात उडी मारली. आईनं बुट्टी सोडली, खर्डा, भाकरी, कांदा काढला आणि आम्ही तिघी आप्पांची आणि सत्याप्पाची न्याहारी तिथंच खायला लागलो. मधे आत्तीनं सत्याप्पाला वर हात करून एक भाकरी दिली, कारण त्याचा काही दोष नव्हता. आप्पांना कुणी विचारलं नाही. बैल एकमेकांच्या गाडीतली वैरण ओढत उभे राहिले. थोड्या वेळानं सत्याप्पानं विचारलं, "काय करू, मालक?" आप्पा म्हणाले, "सोड बैल." आणि एकटेच गावाकडं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी आत्ती आपण होऊन सोप्यात आली. भावाचं रान मरायला लागलंय हे तिला दिसत नव्हतं असं नाही. तिनं उभ्या उभ्या सांगितलं, "माती ने. पर खड्डा पाडून न्हाय. सगळ्या रानावरनं वरच्यावर खरडून ने. आन् बांध हुता तेवढा रुंद कर. आन् त्यावर हरळी लाव, म्हंजे परत माझ्याकडं येणार न्हाय."

आप्पा पानाला चुना लावत होते, त्यांचा हात तसाच राहिला. "हरळी? तंबाखूच्या रानाला मी हातानं हरळी लावू? गाव तोंडात शेण घालंल माझ्या. त्यापरीस माती नगं मला." आणि खरोखरच त्यांनी एक बुट्टीसुद्धा माती नेली नाही. खड्डा मी आणि आत्तीनं बुजवला. पण आत्ती परत येताना वाटेत थांबली. पावसाळ्यात बांध फुटणारच होता, खड्डा असो नसो. ती म्हणाली, "तो लावत न्हाय तर मी लावतो."

पाऊस तोंडावर आल्यावर आम्ही दोघी कामाला लागलो. आत्तीनं आपल्या रानातली भुईमुगाची एक पट्टी सोडून दिली आणि तिथली माती बांधाला चढवली. पाणी तुंबलं तर जायला ओढ्याच्या बाजूला एका टोकाला दगड बसवून वाट ठेवली. हरळी ओढ्याच्या काठानं खणून आणली, आणि सगळ्यात चांगली हरळी मिळाली ती आप्पांनी वर्षानुवर्षं उपटून वाटेकडेला टाकलेल्या ढिगांत, कारण ती तिथं मस्त मातली होती. बुट्ट्या डोक्यावर घेऊन आम्ही गावातून जायचो. बायका दारात येत. एकजण म्हणाली, "काय गं, गणपतीला एवढ्या दूर्वा?" आत्ती न थांबता म्हणाली, "व्हय, माझा गणपती लई मोठा हाय." मला आता लोक विचारतात, तुमच्या आत्तीला त्या काळात हे सगळं कसं कळत होतं हो? मला ठाऊक नाही. तिला माती धरायची होती, म्हशीला गवतही हवं होतं, आणि भावाला डिवचायचं तर होतंच. यातलं आधी काय होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि तिला विचारायची माझीसुद्धा छाती नव्हती.

आप्पांनी बोलणं टाकलं. बांधाचा वरचा उतार ते खुरप्यानं साफ ठेवत, माथ्यापर्यंत येत आणि थांबत. हरळीचा जो तंतू माथा ओलांडून त्यांच्याकडं जाई तो उपटून ते आत्तीच्या रानात फेकत. आत्ती तो उचलून परत लावी. भाऊबहिणीचं एवढंच देणंघेणं चालू होतं. त्या हरळीवर आमच्या म्हशीला दुधाचा पान्हा फुटला, आणि ते दूध आप्पा काही न विचारता पीत होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मग हस्ताचा पाऊस आला. तंबाखूची लावण होऊन रोपं धरली होती, आप्पांचं रान हिरव्या ठिपक्यांनी भरलं होतं. दुपारी आभाळ काळं झालं आणि असा पाऊस कोसळला की समोरचा बैल दिसेना. आत्ती इरलं घेऊन रानाकडं पळाली, मी तिच्या मागं. बघतो तर बांध उभा होता आणि त्याच्यामागं, आप्पांच्या बाजूला, पाणी चढत होतं. खालच्या ओळींतली रोपं बुडाली होती. तंबाखूला पाणी साचलेलं खपत नाही, एका दिवसात मुळं कुजतात. आत्ती टोकाच्या वाटेतला पालापाचोळा हातानं उपसत होती, आणि तिथून पाणी वाहतही होतं, पण येणारं जास्त होतं. तेवढ्यात आप्पा वरून फावडं घेऊन धावत आले.

"आक्का, बांध फोडतो. रोपं चालली माझी."

"फोडू नको, म्हादू. वाट हाय तिकडं, पाणी निघालंय. वाईच दम धर."

"दम धरून रोपं वाचत्यात व्हय?"

"बांध फोडलास तर माझं रान जातंय. रोपं पुढल्या वर्षी परत लावशील. मी रान कुठलं लावू?"

आप्पांनी ऐकलं, मी त्यांचं तोंड बघत होते, त्यांनी नक्की ऐकलं. तरी फावडं उचललं. माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मी जाऊन दांडा धरला. माझ्या बापाच्या हातातला दांडा. त्यांनी एक हिसडा दिला आणि मी चिखलात पडले. मला लागलं नाही, पण राग एवढा आला की मी तिथं पडल्या पडल्या रडत होते आणि त्यांना नावं ठेवत होते, पावसात काही ऐकू गेलं नाही ते बरं झालं. आप्पांनी बांधावर घाव घातला. फावडं आत गेलं आणि अडकलं. त्यांनी ओढलं, निघेना. पाय रोवून ओढलं तेव्हा ते निघालं, पण मातीऐवजी मुळांचा एक लोंबता गुंता तेवढा वर आला, आणि बांध होता तसा राहिला. दुसरा घाव घातला, परत तेच. पावसाळाभर हरळीनं आतून सगळं शिवून टाकलं होतं. आप्पांनी आयुष्यभर तिच्याशी भांडण केलं होतं, ती किती चिवट असते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते फावड्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. गुडघाभर पाण्यात. मग फावडं तिथंच सोडलं, टोकाकडं गेले, आणि आत्तीच्या शेजारी वाकून वाटेतले मोठे दगड बाजूला काढायला लागले. आत्तीनं सरकून जागा दिली. मीही उठून गेले. पाणी हळूहळू उतरत गेलं.

खालच्या ओळी गेल्या. आप्पा आठ दिवस त्या रोपांसाठी हळहळत होते आणि ते खोटं नव्हतं, माल हातचा गेलाच. पण ऊन पडल्यावर मी त्यांना बांधाच्या वरच्या अंगाला बसलेलं बघितलं. त्यांच्यापुढं त्यांचीच माती घोट्याएवढी जाड साचून वाळली होती, भेगा पडून, आणि ती त्यांच्याच रानात होती. ते तिचा एक एक तुकडा उचलून बोटांत चुरत होते. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला की तोंड लपवायला मी दुसरीकडं बघितलं. त्याच पावसात गावाच्या पलीकडच्या अंगाला, जिथली रानं आमच्यासारखीच चकचकीत होती, तिथं बैल उभा लपेल एवढ्या घळी पडल्या. त्या पुढं कुणी बुजवल्या नाहीत. ती रानं कुसळी गवताखाली गेली, आणि ती कसणाऱ्या घरांपैकी एक जंगलात लोंढा गावी लाकडाच्या कामाला गेलं, एक बेळगावच्या शहापुरात हातमागावर. त्यांची मुलं मला बेळगावात भेटतात. चांगलं चाललंय त्यांचं, पण गावचा विषय निघाला की म्हणतात, तिकडं आता आमचं काय आहे?

पुढच्या वर्षी पेरणीच्या दिवसांतली गोष्ट. रानाला पेरणीजोगा वाफसा आला होता. आत्ती मूग टोकत होती आणि मी तिच्या मागं पायानं माती सारत येत होते. वरून आप्पा आले. त्यांच्या हातात रिकामी बुट्टी होती. एरवी आप्पा त्या रानात आपल्या सोप्यात शिरावं तसे सरळ शिरत, बैल घेऊन, गाडी घेऊन, कधी नुसतेच. त्या दिवशी बांधावर येऊन थांबले. आत्तीनं बघितलं, पण हात थांबवला नाही.

"आक्का," ते म्हणाले, "हरळी पायजे हुती वाईच. वरच्या बांधास्नी."

आत्ती मूग टाकत पुढं सरकली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, एवढ्या वर्षांचं सगळं काढणार, आणि खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं. ती पुढची टोकणी करायला वाकली. आप्पा उभेच. त्यांनी बुट्टी या हातातून त्या हातात घेतली.

"येऊ का रानात?" त्यांनी विचारलं.

आत्तीनं हातातली ओळ पुरी केली. टोकाला गेल्यावर कमरेवर हात ठेवून सरळ झाली, पदरानं तोंड पुसलं, आणि भावाकडं बघून म्हणाली, "ये."